कानामागून आलेला पोटॅशियम: ‘न्यूरॉन’ सॉफ्टवेअर वापरून पाहिलं

आधी भाव सांगते: शून्य रुपये. नोंदणीचा फॉर्म नाही, महिन्याभरानं जागी होणारी पैशाची खिडकी नाही, कॉलेजच्या खरेदी समितीपुढे तीन कोटेशनं ठेवायची नाहीत. ‘न्यूरॉन’ हे चेतापेशीचं विद्युत वर्तन संगणकावर उभं करून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. ड्यूक विद्यापीठात जॉन मूर यांच्या प्रयोगशाळेत त्याची सुरुवात झाली, पुढे येल विद्यापीठात मायकेल हाइन्स आणि टेड कार्नेव्हेल यांनी ते वाढवलं. आता त्याचा सगळा कोड खुला आहे. पुण्यात ऑडिओलॉजीच्या मुलांना शिकवताना मी ते वापरते, तेही एकाच कामासाठी: कानाकडून आलेल्या बातमीला मेंदूच्या पहिल्या टप्प्यावर पोटॅशियम चॅनल (पेशीच्या पटलातली पोटॅशियमची दारं) कसा आकार देतात ते दाखवायला. तेव्हा हा अभिप्राय त्या कामापुरता. हजारो पेशींची जाळी बांधणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी मत घ्यावं.

याची गरज का पडली ते सांगायला हवं. दुसऱ्या वर्षाला कॉक्लिअर न्यूक्लियसचा, म्हणजे मेंदूतल्या त्या पहिल्या टप्प्याचा, धडा आहे. कानात एक छोटा टोन वाजवला की तिथल्या वेगवेगळ्या पेशी कशा उत्तर देतात त्याच्या आकृत्या: प्रायमरी-लाइक, चॉपर, ऑनसेट, पॉजर, बिल्डअप. मुलं आकृत्या घोकतात. तोंडी परीक्षेत विचारलं, “ऑनसेट म्हणजे काय?” तर उत्तर तयार असतं, “मॅडम, टोन सुरू झाल्यावर एकच स्पाइक, मग गप्प.” पुढे “का?” म्हटलं की मुलंही गप्प. कारण त्यांच्या पुस्तकात स्पाइकची, म्हणजे पेशीतल्या विजेच्या क्षणिक ठोक्याची, गोष्ट चार ओळींत संपते. सोडियम आत येतो, पोटॅशियम बाहेर जातो, पेशी पूर्ववत होते. पोटॅशियमचं काम आवराआवरीचं. एका मुलीनं तर सरळ म्हटलं होतं, “पोटॅशियम म्हणजे ब्रेकच ना मॅडम?”

आणि गंमत अशी की श्रवणचेतेचा एकच तंतू कॉक्लिअर न्यूक्लियसमध्ये शिरताना फाटे फुटून या निरनिराळ्या पेशींपर्यंत पोचतो. बातमी एक, उत्तरं पाच प्रकारची. या फरकात पेशींचा आकार, त्यांच्यावर येणाऱ्या सिनॅप्सची (दुसऱ्या पेशींशी असलेल्या जोडांची) संख्या हे सगळं आहेच, पण मोठा वाटा पेशीच्या पटलात कोणते पोटॅशियम चॅनल किती आहेत याचा. कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली गत. हे फळ्यावर सांगून पटत नाही. चॅनल काढून दाखवावा लागतो, घालून दाखवावा लागतो. गिनीपिग आणि मायक्रोइलेक्ट्रोड आमच्याकडे नाहीत, म्हणून हे सॉफ्टवेअर.

इन्स्टॉल करण्यात विशेष काही नाही. विंडोजवर नेहमीसारखी इन्स्टॉलरची फाइल, लिनक्स आणि मॅकवर पायथनच्या पिपनं एका ओळीत. यंत्र जुनं चालतं. एका पेशीचं शंभर मिलिसेकंदांचं गणित आमच्या लॅबमधल्या थकलेल्या डेस्कटॉपवरही बटण दाबताक्षणी पुरं होतं.

रूप मात्र नव्वदच्या दशकातलं. राखाडी खिडक्या, त्या एकमेकींत न मावता सुट्या उघडणार, आणि थोड्या वेळानं पडद्यावर बसायला जागा उरत नाही. माझी भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. तिनं बघितलं आणि म्हणाली, “मावशी, हे माझ्या जन्माआधीचं आहे का गं?” म्हटलं, तुझ्या आईच्या लग्नाआधीचं. याची मूळची ‘हॉक’ ही आज्ञांची भाषाही त्याच काळातली. आता सगळं पायथनमधून करता येतं आणि नव्यानं शिकणाऱ्यानं तेच करावं. मी अजून अर्धं काम खिडक्यांमधून करते, कारण वर्गात सगळ्यांसमोर आकडा बदलून दाखवायला त्या बऱ्या पडतात.

त्या जुनाट खिडक्यांतली एक सोय मला आजच्या कुठल्याही चकचकीत अ‍ॅपमध्ये दिसलेली नाही. प्रत्येक आकड्याच्या रकान्याशेजारी एक बारीक चौकोन असतो. आकडा बदलला की त्यात लाल खूण येते. त्या खुणेवर क्लिक केलं की मूळचा आकडा परत, पुन्हा क्लिक केलं की तुमचा. म्हणजे पोटॅशियमच्या एका चॅनलची मात्रा शून्य केली, रेघ काढली, टिचकी मारली, पुन्हा रेघ काढली, आणि आलेखावर ‘कीप लाइन्स’ चालू असेल तर दोन्ही रेघा एकावर एक. हे ज्यानं केलं त्याला शिकवण्याची सवय असणार.

आता तक्रार. या सॉफ्टवेअरचा कोरा कागद कोरा नसतो, त्यावर स्क्विड काढलेला असतो. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सले यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड अ‍ॅक्सॉनवरून (चेतापेशीच्या लांब तंतूवरून) सोडियम-पोटॅशियमचं गणित मांडलं, त्यावर पुढे १९६३ चं नोबेल मिळालं, आणि ते मॉडेल न्यूरॉनमध्ये जन्मापासून बसवलेलं आहे. त्यात काही वावगं नाही. पण त्याच्यामागून त्याचे सगळे आकडेही येतात. तुम्ही काही सांगितलं नाही तर तापमान ६.३ अंश सेल्सिअस. पोटॅशियमचा समतोल दाब, म्हणजे ज्या विद्युतदाबाला त्याचं आत-बाहेर जाणं सारखं होतं तो, उणे ७७ मिलीव्होल्ट. नवा तुकडा तयार केला की त्याची लांबी १०० मायक्रोमीटर आणि व्यास ५००. पाचशे! हा व्यास स्क्विडच्या अ‍ॅक्सॉनला शोभतो. कॉक्लिअर न्यूक्लियसमधली पेशी वीसेक मायक्रोमीटरची. मुलं पेशी बनवतात, चॅनल घालतात, करंट सोडतात, आणि रेघ ढिम्म हलत नाही, कारण तो करंट शंभरपट मोठ्या पटलावर पसरून विरून गेलेला असतो. चूक दाखवणारा निरोपही येत नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं चूक झालेलीच नसते ना.

त्यामुळे कोऱ्या कागदावर सुरुवात करूच नका. येलनंच चालवलेलं मॉडेलडीबी नावाचं मोफत भांडार आहे, तिथे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची मॉडेलं ठेवलेली असतात. आपल्या कामाचं मॉडेल जेसन रॉथमन आणि पॉल मॅनिस यांचं, २००३ चं. त्यांनी गिनीपिगच्या व्हेंट्रल कॉक्लिअर न्यूक्लियसमधल्या पेशींचे पोटॅशियम करंट मोजले, त्यांचे तीन प्रकार वेगळे केले, आणि जर्नल ऑफ न्यूरोफिजिऑलॉजीत एकापाठोपाठ तीन निबंध छापले. मॉडेलसोबत चॅनलांच्या छोट्या फाइली येतात आणि त्या आधी कंपाइल कराव्या लागतात. विंडोजवर त्यासाठी वेगळा आयकॉन आहे. त्याचं नाव म्हणजे नुसती व्यंजनांची माळ, ते वर्गात मोठ्यानं वाचायच्या फंदात मी पडत नाही. बोट दाखवते.

दुसरी अडचण एककांची. निबंधात चॅनलांच्या मात्रा अख्ख्या पेशीसाठी नॅनोसीमेन्समध्ये (वीज किती सहज वाहते त्याचं माप) दिलेल्या आहेत. न्यूरॉनला त्या दर चौरस सेंटिमीटरला हव्यात. पेशीची धारकता (पटलाची वीज साठवण्याची क्षमता) १२ पिकोफॅराड, दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोफॅराड धरलं तर पटलाचं क्षेत्रफळ १२०० चौरस मायक्रोमीटर. लांबी आणि व्यास सारखेच ठेवले तर दोन्ही साधारण १९.५ मायक्रोमीटर येतात. मग २०० नॅनोसीमेन्सचे ०.०१६७ सीमेन्स दर चौरस सेंटिमीटर. मी हे गणित वर्गात करून घेते, आणि कंटाळवाणं असलं तरी त्याचा फायदा होतो, कारण त्यानंतर मुलांना तो आकडा आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. पोटॅशियमचा समतोल दाब उणे ७७ वरून उणे ७० करायचा, तापमान २२ करायचं, कारण करंट खोलीच्या तापमानाला मोजले होते. एवढं झालं की दुकान उघडलं.

मॉडेलमध्ये पोटॅशियमचे तीन गडी आहेत. पहिला लो-थ्रेशोल्ड, केव्ही १ कुळातला (केव्ही म्हणजे विद्युतदाबानुसार उघडणारे पोटॅशियम चॅनल). दुसरा हाय-थ्रेशोल्ड, त्यात केव्ही ३ चा मोठा हात. तिसरा ए-करंट, जो उघडतो आणि लगेच स्वतःहून मिटतो. पेशींचे प्रकारही तयार मिळतात. टाइप १-सी मध्ये हाय-थ्रेशोल्ड १५० नॅनोसीमेन्स, लो-थ्रेशोल्ड शून्य. टाइप २ मध्ये हाय-थ्रेशोल्ड तेवढाच, लो-थ्रेशोल्ड २००, आणि एच-करंट (पेशीचा दाब खाली गेला की वाहणारा वेगळा प्रवाह) टाइप १-सी मध्ये ०.५ तर इथे २०. सोडियम दोन्हीकडे १०००, गळती दोन्हीकडे २.

टाइप १-सी ला ०.०५ नॅनोअँपिअरचा करंट शंभर मिलिसेकंद द्या. स्पाइकची ओळ लागते, एका अंतरानं, शेवटपर्यंत. हीच ती स्टेलेट पेशी, आकृतीतला चॉपर. टाइप २ ला तेवढ्या करंटनं काही होत नाही, कितीतरी पट जास्त द्यावा लागतो. दिला की सुरुवातीला एक स्पाइक, आणि मग करंट चालू असूनही सपाट रेघ. ही बुशी पेशीची वागणूक. पडद्यावर ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा पाठीमागच्या बाकावरूनही “हे ऑनसेट!” असा आवाज येतोच.

“का?” तर तिथेच, त्याच खिडकीत उत्तर आहे. लो-थ्रेशोल्ड चॅनल निम्मे उघडतात ते उणे ४८ मिलीव्होल्टला. पेशीचा विश्रांतीचा दाब उणे ६४ च्या आसपास. म्हणजे पेशी नुसती बसलेली असतानाही त्यातले थोडे उघडेच असतात. मॉडेलच्या सूत्रात उणे ६४ घाला, साधारण चार टक्के येतात. चार टक्के म्हणजे किरकोळ वाटतं, पण २०० चे चार टक्के आठ-नऊ नॅनोसीमेन्स होतात, आणि पेशीची साधी गळती फक्त दोन आहे. त्यात एच-करंटचे तीन मिळवा. टाइप २ बसल्या जागी चौदाच्या आसपास नॅनोसीमेन्स उघडी ठेवून बसलेली, टाइप १-सी दोनच्या जरा वर. १२ पिकोफॅराडला याने भागलं की पेशीची स्मृती किती टिकते ते कळतं: टाइप १-सी ची पाच-सहा मिलिसेकंद, टाइप २ ची एकाहून कमी. तळाला भोक असलेल्या बादलीसारखं आहे हे. धार बारीक असेल तर कितीही वेळ ओता, भरत नाही. एकदम ओतलं तरच काठापर्यंत येतं.

ही ‘एकदम’ची अट मुलांना हातानं तपासता येते. करंट पायरीसारखा न देता उतारासारखा हळूहळू चढवा. टाइप १-सी केव्हा ना केव्हा स्पाइक देतेच. टाइप २ ला उतार पुरेसा खडा हवा, नाहीतर दाब वर चढता चढता लो-थ्रेशोल्ड आणखी उघडतात आणि सोडियमची संधी निघून जाते. खऱ्या कानात हे गुण टोकाला नेणारी पेशी म्हणजे ऑक्टोपस पेशी. तिचा इनपुट रोध १० मेगाओहमच्याही खाली. अनेक श्रवणतंतू जवळपास एकाच क्षणी बोलले तरच ती बोलते.

याहून चांगला प्रयोग म्हणजे दोन सिनॅप्सचा. प्रत्येकाची ताकद अशी ठेवा की एकट्यानं स्पाइक येऊ नये, मग दोघांमधलं अंतर बदलत न्या. टाइप १-सी दोन-तीन मिलिसेकंदांचा उशीर पोटात घालते. टाइप २ घालत नाही. आता मुलांना आठवण करून द्यायची की आवाज एका बाजूनं आला तर माणसाच्या दोन कानांत पडणारा फरक जास्तीत जास्त सहाशे-सातशे मायक्रोसेकंदांचा, आणि आपल्याला दहाएक मायक्रोसेकंदांचा फरकही ओळखता येतो. पाच मिलिसेकंद सगळं लक्षात ठेवणाऱ्या पेशीच्या हाती हे काम देऊन चालेल का? हा प्रश्न मी विचारते आणि पाणी प्यायला जाते. परत येईपर्यंत वाद सुरू झालेला असतो. दोन कानांची वेळ ताडून बघणाऱ्या मीडियल सुपीरिअर ऑलिव्हमधल्या पेशींतही केव्ही १ भरपूर असतात, हे त्या वादात शेवटी टाकायचं.

सापाचं विष हा वर्गाचा आवडता भाग. आफ्रिकेतल्या मांबा सापांच्या विषात डेंड्रोटॉक्सिन असतं, ते केव्ही १ चे काही प्रकार बंद पाडतं. १९९५ साली हेलन ब्र्यू आणि इयन फोरसाइथ यांनी ते एमएनटीबी नावाच्या श्रवणकेंद्रातल्या पेशींना दिलं, तेव्हा एकच स्पाइक देणाऱ्या पेशी स्पाइकची रांग लावू लागल्या. आपल्याकडे साप नको, लाल खूण पुरे. टाइप २ चा लो-थ्रेशोल्ड शून्य करा, विष दिलं असं समजा, आणि बघा. पूर्ण शून्यच करायला हवं असंही नाही. २०० वरून ३५, मग २० असं उतरत गेलात की मॉडेलमधले मधले प्रकार दिसतात, थोडं हे थोडं ते. ‘बुशी’ आणि ‘स्टेलेट’ हे दोन वेगळे कप्पे आहेत असं वाटणाऱ्या मुलांना हा मधला प्रदेश बघू द्यावा.

मग हाय-थ्रेशोल्ड. हा चॅनल निम्मा उघडतो उणे १५ च्या आसपास, म्हणजे स्पाइक अर्ध्यावर चढल्याशिवाय हा जागाच होत नाही. विश्रांतीला जवळपास पूर्ण बंद, त्यामुळे स्पाइक सुरू होण्याच्या कामात त्याची लुडबुड नाही. उघडला की दाब झपकन खाली आणतो आणि तितक्याच लगबगीनं स्वतः मिटतो, मागे काही ठेवत नाही. पुढचा स्पाइक लगेच येऊ शकतो तो त्यामुळे. मॉडेलमध्ये याची मात्रा उतरवत नेली की स्पाइकचा उतार लांबत जातो, कंबर जाड होत जाते. ‘पोटॅशियम म्हणजे ब्रेक’ हे वाक्य इथे मोडतं. या चॅनलमुळे पेशी जास्त वेगानं स्पाइक देऊ शकते. एमएनटीबीच्या पेशी सेकंदाला कित्येक शे स्पाइकची बातमी न चुकता पुढे देतात. लू-यांग वांग, लेनर्ड काझमारेक, फोरसाइथ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की टीईए हे रसायन थोड्या मात्रेत देऊन केव्ही ३ अडवला तर त्यांना हा वेग झेपत नाही. केव्ही ३.१ चं जनुक काढलेल्या उंदरांतही हेच दिसलं. माझ्या दृष्टीनं एवढा एक प्रयोग दाखवता आला तरी सॉफ्टवेअर डाउनलोड केल्याचं सार्थक.

ए-करंटवर मी फार वेळ घालवत नाही. पेशी आधी थोडी खाली दाबलेली असली तर तो तयारीत असतो आणि पहिला स्पाइक लांबवतो. डॉर्सल कॉक्लिअर न्यूक्लियसमधल्या फ्युजिफॉर्म पेशींचे पॉजर आणि बिल्डअप हे आकार समजायला तेवढं पुरतं, पण त्या पेशी या मॉडेलमध्ये नाहीत.

तापमानाचा रकाना मात्र सोडू नका. या मॉडेलच्या फाइलीत तापमान १० अंशांनी वाढलं की चॅनलांची गती तिप्पट होते. २२ वरून ३७ वर नेलं की पाचपटीहून जास्त. सॉफ्टवेअरच्या ६.३ वर राहू दिलंत तर २२ च्याही पाच-सहापट संथ. शिक्षकांनी तिन्ही रेघा एकावर एक काढून दाखवाव्यात. आपल्या बेरा तपासणीत (आवाजाला श्रवणमार्गानं दिलेलं विद्युत उत्तर डोक्यावरून टिपणारी चाचणी) पहिली ते पाचवी लाट दहा मिलिसेकंदांच्या आत उमटते आणि त्या लाटा दिसायला हजारो पेशींनी एका तालात स्पाइक द्यावे लागतात. शरीराचं तापमान उतरलं की लाटा उशिरा येतात, हे मुलं क्लिनिकमध्ये ऐकतात. त्याचा चॅनलाशी संबंध त्यांना इथे दिसतो.

उणिवा आणखी आहेत. हे मॉडेल एका ठिपक्याचं, त्याला डेंड्राइट (पेशीच्या बातमी घेणाऱ्या फांद्या) नाहीत. बुशी पेशीवर श्रवणतंतूचं टोक पंजासारखं पसरून बसतं, त्याला एंडबल्ब ऑफ हेल्ड म्हणतात. तो पंजा इथे एका रकान्यातल्या एका आकड्यावर भागवावा लागतो. शिवाय चॅनलांची मात्रा मॉडेलमध्ये कायमची ठरलेली. जिवंत प्राण्यात तसं नसतं. काझमारेक यांच्याच प्रयोगशाळेनं २००५ मध्ये उंदरांत दाखवलं की आजूबाजूच्या आवाजाप्रमाणे केव्ही ३.१ वरचे फॉस्फेट काढले-घातले जातात, म्हणजे पेशी ऐकता ऐकता आपला चॅनल जुळवत असते. हे सॉफ्टवेअरला जमणार नाही असं नाही, भाषा येणाऱ्याला सगळं लिहिता येतं. पण डाउनलोड केलेल्या डब्यात ते नाही. आणि चॅनलांच्या आजारांकडे जायचं असेल तर या मॉडेलचा उपयोग थोडा. केसीएनक्यू ४ या जनुकातल्या दोषानं पिढीजात बहिरेपणा येतो तो कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींच्या चॅनलमुळे, आणि केसपेशी या गावातच राहत नाहीत.

टिनिटसबद्दल (बाहेर आवाज नसताना कानात वाजत राहणं) लिहिते, कारण मुलं आणि पेशंट दोघंही विचारतात. २०१३ मध्ये थानोस त्झुनोपोलोस यांच्या गटानं दाखवलं की मोठ्या आवाजाचा मारा झालेल्या आणि टिनिटसची लक्षणं दाखवणाऱ्या उंदरांत डॉर्सल कॉक्लिअर न्यूक्लियसच्या फ्युजिफॉर्म पेशींमधला केसीएनक्यू २/३ हा पोटॅशियम चॅनल मंदावलेला होता. तो उघडणारं रेटिगाबिन नावाचं औषध त्या वेळी फिट्सवर मिळत होतं. त्वचा निळसर पडण्यासारखे दुष्परिणाम निघाले आणि २०१७ मध्ये ते बाजारातून गेलं. केव्ही ३ वर काम करणाऱ्या एका औषधाची टिनिटससाठी माणसांवर चाचणी झाली, फायदा दिसला नाही. आकडा शून्य केला की आवाज थांबतो अशी आशा संगणकापुढे बसून वाटते खरी. म्हणून हा तास मी जरा सांभाळून घेते, समोर टिनिटस असलेलं एखादं मूलही बसलेलं असतं.

पर्याय आहे का? आहे, आणि तोही फुकट. ‘ब्रायन’ हे पायथनवरचं सॉफ्टवेअर, डॅन गुडमन आणि रोमाँ ब्रेट यांनी सुरू केलेलं. त्यात समीकरण कागदावर लिहितो तसं सरळ लिहायचं, एककांसकट. मिलीव्होल्टमध्ये नॅनोअँपिअर मिळवायला गेलात तर ते तिथेच अडवतं, पुढे जाऊ देत नाही. रॉथमन-मॅनिस मॉडेल त्याच्या नमुन्यांमध्ये तयार दिलेलं आहे आणि त्यात मात्रा नॅनोसीमेन्समध्येच आहेत, त्यामुळे क्षेत्रफळाची ती भानगड उरत नाही. कंपाइल करायच्या फाइलीही नाहीत. ज्याला पायथनची चार अक्षरं येतात त्यानं श्रवणपेशी शिकायला ब्रायनपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या भाचीचंही तेच, फक्त ती ते मोठ्यानं सांगते.

मग मी न्यूरॉन का धरून बसले आहे? एक तर ऑडिओलॉजीच्या बहुतेक मुलांना पायथन येत नाही आणि खिडकीतला आकडा बदलायला येतो. दुसरं म्हणजे कुणी पुढे डेंड्राइटवाली पेशी, लांब अ‍ॅक्सॉन, मायलिनमधल्या फटी असं काही करू लागलं तर न्यूरॉन त्यासाठीच बनलेलं आहे, तिथे त्याला तोड नाही. आणि तिसरं, मॉडेलडीबीवरची श्रवणाची मॉडेलं बरीचशी याच भाषेत आहेत.

पाचपैकी चार तारे. शिक्षकांसाठी एवढंच: तापमान २२, पोटॅशियम उणे ७०, लांबी-व्यास १९.५ घातलेली टाइप १-सी आणि टाइप २ अशा दोन तयार फाइली सेशन म्हणून जतन करून लॅबच्या प्रत्येक मशीनवर आधीच ठेवा, आणि मुलांना पहिल्या दिवशी फक्त लो-थ्रेशोल्डचा रकाना हाताळू द्या. विंडोजवर आवृत्ती बदललीत तर चॅनलांच्या फाइली पुन्हा कंपाइल कराव्या लागतात, तेव्हा सत्राच्या मध्यावर अपडेट नको. ज्यांना पाच मार्कांची टीप लिहून पुढे जायचं आहे त्यांनी आकृती पाठ करावी, त्यासाठी हे सगळं लागत नाही.